वास कुणाचा होता

जुळे सोलापुरात चंद्रिकाला ओळखत नाही अशी बाई सापडायची नाही, असं तिचा नवरा नंदीश म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, पडद्याआड फेशियलसाठी एक पलंग. अठरा वर्षं झाली होती. ज्या पोरींच्या भुवया तिनं कॉलेजात जाताना पहिल्यांदा कोरल्या, त्यांना लग्नात नटवलंही तिनंच, आणि आता त्या लेकरू कडेवर घेऊन यायच्या.

चंद्रिका मूळची अक्कलकोटकडची. घरात कानडी, पार्लरात मराठी. हात मोठा हलका. आयब्रो करावी तर तिनंच, असं बायका म्हणायच्या. धाग्याचं एक टोक ती दातांत धरायची, बाकीचा धागा दोन्ही हातांच्या बोटांत ताणायची, मधे पीळ द्यायची आणि तो पीळ भुवईवरून असा सरकवायची की केस कधी निघाला ते कळायचंसुद्धा नाही. एवढं करायचं तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाकावंच लागतं. तिचं तोंड आणि समोरच्या बाईचं कपाळ यांत वीतभर अंतर, फार तर.

तिच्या जोडीला नऊ वर्षं पारूबाई होत्या. बुधवार पेठेतून सिटी बसनं यायच्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, बोलायला कमी. डोक्याला तेल लावून मालिश करणं, पाय घासून देणं, टॉवेल धुणं, झाडलोट, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या हाताखाली बायका खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जायच्या. सवय म्हणावी तर एकच. दुपारचं जेवण झालं की मागच्या मोरीपाशी बसून त्या मिश्री लावायच्या. भाजलेल्या तंबाखूची ती काळी भुकटी बोटानं दातांना चोळायची, चूळ भरायची आणि उठायचं. चंद्रिका त्यावर कधी काही बोलली नव्हती.

मागच्या पावसाळ्यापासून चंद्रिकाच्या ब्रशवर रक्त दिसायला लागलं. ब्रश कडक असेल म्हणून तिनं मऊ आणला. मग हिरड्या फुगल्या, लालभडक झाल्या, खालच्या पुढच्या दातांमध्ये फटी पडल्या. रक्त येतं म्हणून तिनं घासणंच कमी केलं. सकाळी बेसिनचा नळ आधी मोठा सोडायची आणि मग थुंकायची, म्हणजे काय पडलं ते बघावं लागू नये. तोंडाला एक चव यायची, गंजलेल्या पत्र्यासारखी. वेलदोडा चघळला की तासभर बरं वाटायचं.

तहान फार लागायची, पण सोलापूरच्या उन्हात कुणाला लागत नाही? रात्रीतून तीनदा उठावं लागायचं. आपण पाणी जास्त पितो म्हणून, असं तिचं तिनंच ठरवून टाकलं. वजन सात किलो उतरलं, त्याचं तर तिला कौतुकच वाटलं. "काय हो, काय खाता तरी काय?" असं बायका विचारायच्या आणि ती हसायची. हसताना ओठ मिटलेले असायचे, एवढाच काय तो फरक.

एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. अंकिता आली होती. बँकेत नोकरीला असलेली, दर पंधरा दिवसांनी येणारी मुलगी. चंद्रिका तिच्यावर वाकली, धागा दातांत धरला, आणि चार केस निघाले नसतील तोच अंकितानं मान बाजूला केली.

"काकू, कसला तरी वास येतोय का हो?"

चंद्रिकाचे ओठ धाग्यावर घट्ट मिटले. ते तिला पुढं कितीदा आठवलं. कारण ज्याला ठाऊक नसतं त्याचे ओठ असे मिटत नाहीत. धागा तोंडातून काढून तिनं मोरीकडे नजर टाकली. पारूबाई तिथं टॉवेल पिळत होत्या.

"अगं, आमच्या पारूबाई," ती आवाज खाली आणून म्हणाली, पण इतकाही खाली नाही. "मिश्री लावतात ना. किती वेळा सांगितलं."

एकदाही सांगितलं नव्हतं.

"हो का," अंकिता म्हणाली. "हो, तसाच वाटतो."

पारूबाईंच्या हातातला टॉवेल क्षणभर थांबला. मग पुन्हा पाणी ठिबकल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्या मोरीपाशी गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मिश्रीची डबी पिशवीतून गेलेली चंद्रिकानं पाहिली, आणि काही बोलली नाही.

मिश्री गेली, पण गळालेलं गिऱ्हाईक काही परतेना. येणाऱ्या बायका आयब्रोऐवजी नुसते केस कापून घ्यायच्या. कुणी तोंडाला ओढणी लावून बसायची. वैशाखातल्या एका लग्नाची मंडळी दुसऱ्या पार्लरकडे गेली. चंद्रिकाचा चिडचिडेपणा वाढला. पारूबाईंनी टॉवेल वाळत घातला तरी चूक, नाही घातला तरी चूक. आणि मे महिन्यातल्या एका दुपारी, फेशियलला एक बाई पडदा अर्धवट सारून पलंगावर पडलेली असताना, तिनं ते बोलून टाकलं.

"पारूबाई, थोडे दिवस येऊ नका. मी कळवते."

पारूबाई पाय घासायची परात धूत होत्या. त्यांनी परात पालथी घातली, हात पदराला पुसले.

"माझ्यामुळं व्हय, ताई?"

"गिऱ्हाईकं म्हणतात. वासाचं. मी काय करू?"

पारूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांकडं नाही, जरा खाली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, मग पलंगावरच्या बाईकडं एकदा पाहिलं आणि मिटलं.

"बरं," एवढंच म्हणाल्या. पिशवी उचलली, दारात चपला घातल्या आणि उन्हात निघून गेल्या. पलंगावरच्या बाई तोंडावर लेप असल्यानं काही बोलू शकत नव्हत्या, पण ऐकू त्यांना सगळं आलं होतं.

त्यानंतर चंद्रिकानं खोलीत सुगंधी फवारा आणला, दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, लवंगा गालात धरल्या. कोरोनाच्या वेळचे उरलेले मास्क काढून पाहिले, पण मास्क लावला तर धागा धरायचा कशात? वास होता तिथंच होता. पारूबाई नव्हत्या, तरी होता. आता दुसऱ्या कुणाकडं नजर टाकायलाही खोलीत कोणी नव्हतं.

जूनमध्ये एक नवी मुलगी आली. साखरपुडा होता तिचा दुसऱ्या दिवशी. चंद्रिकानं तिच्या कपाळाला पावडर लावली, धागा दातांत घट्ट धरला आणि झटका दिला. खालच्या जबड्यात काहीतरी हललं. दुखलं म्हणण्यापेक्षा सरकलं. दात. दोन बोटांनी धरून हलवावा तसा तो पुढं झुकला आणि तोंडात कोमट चव पसरली. तिनं ओठ मिटून तसंच काम रेटलं. धाग्याचा ओला भाग पिळातून पुढं आला आणि मुलीच्या पावडर लावलेल्या पांढऱ्या कपाळावर एक बारीक लाल रेघ उमटली.

मुलगी आरशात बघत होती. आधी तिला वाटलं आपल्यालाच कापलं. तिनं बोट लावलं, पुसलं, खाली जखम नव्हती. मग तिची नजर चंद्रिकाच्या तोंडावर गेली.

"मावशी, हे तुमचं..." पुढचं ती बोलली नाही. खुर्चीवरून उठली, नळावर जाऊन कपाळ साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं, आणि एक भुवई कोरलेली, एक तशीच, अशी ओढणी डोक्यावरून घेऊन निघून गेली.

चंद्रिकानं पार्लरचं शटर ओढून घेतलं आणि आत अंधारात खुर्चीवर बसून राहिली. आरशासमोर बसली होती, पण आरशाकडं पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ती दातांच्या डॉक्टरांकडं गेली. आपल्या भागात नको, कुणी ओळखीचं भेटेल, म्हणून रिक्षा करून पार सात रस्त्याच्या बाजूला गेली. डॉक्टर वैष्णवी वयानं तिशीच्या आतबाहेरची होती. चंद्रिका तोंडावर हात ठेवूनच बोलत होती.

"हात काढा ना, काकू. मला बघायचंय."

"वास येतो," चंद्रिका म्हणाली. स्वतःबद्दल हे दोन शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले.

"म्हणूनच तर आलात."

डॉक्टरनं एक बारीक सळई हिरडीत ठिकठिकाणी घालून पाहिली आणि शेजारी लिहून घेणाऱ्या बाईला आकडे सांगितले. सहा. सात. पाच. आठ. चंद्रिकाला कळेना की हे कसले आकडे. डॉक्टर म्हणाली, "निरोगी हिरडीत ही दोन-तीन मिलिमीटरच आत जाते. तुमच्या हिरड्या दातांपासून सुटल्यात. दोन ठिकाणी पू आहे. खालचा एक दात वाचणार नाही." मग सळई खाली ठेवून तिनं विचारलं, "तहान फार लागते का? रात्री उठावं लागतं?"

चंद्रिकानं चूळ भरायला पेला उचलला.

"वजन कमी झालंय?"

"डाएट केलं थोडं," चंद्रिका म्हणाली, आणि डॉक्टर नुसती पाहत राहिली, तेव्हा तिनं मान खाली घातली. "नाही केलं."

"घरात कुणाला साखर?"

"वडिलांना होती. पायाचा अंगठा काढावा लागला होता."

"आजच रक्त तपासून घ्या. खाली लॅब आहे."

"पण मी गोड खात नाही हो. चहासुद्धा फिका पिते. मी काय केलं?"

"तुम्ही काही केलं म्हणून नाही," डॉक्टर म्हणाली. "साखर वाढलेली असली की हिरड्यांचा जोर जातो आणि जंतूंचं फावतं. आणि हिरडीत असा पू नि सूज राहिली की इन्सुलिन अंगाला नीट लागू पडत नाही, साखर आणखी चढते. विहिरीत पडलेल्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि दोघीही बुडतात, तसं आहे हे. काढायचं तर दोघींना बरोबरच काढावं लागतं."

संध्याकाळी रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दहा पॉइंट आठ. साडेसहाच्या वर गेली की मधुमेह म्हणतात, असं लॅबमधल्या माणसानं सांगितलं आणि वर म्हणाला, "बरीच जुनी दिसते."

घरी नंदीश आला तेव्हा ती स्वयंपाकघरात नुसतीच उभी होती. तो चाटी गल्लीतल्या कापडाच्या दुकानात काम करायचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून घरी आला की मुकाट व्हायचा.

"एन आतु?" त्यानं विचारलं. काय झालं?

तिनं रिपोर्ट पुढं केला. साखरेचं सांगितलं, दाताचं सांगितलं. वासाचं सांगताना अडखळली. नंदीश कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं पोट साफ होत नसेल तुझं."

"म्हणजे तुला यायचा?"

त्यानं कागदाची घडी घातली. दिवाळीपासून तो बाहेरच्या खोलीत झोपायचा. तिथं फॅनचा वारा चांगला लागतो, असं म्हणायचा. चंद्रिकाला तो वारा आत्ता लागला.

"सांगायचं नाही का रे?"

"कसं सांगणार?" नंदीश म्हणाला. "तुला वाईट वाटलं असतं."

वर्षभर सगळ्यांनी तिला वाईट वाटू नये म्हणून जपलं होतं. आणि एकीला मात्र तिनं न जपता काढून टाकलं होतं. हा विचार त्या रात्री आला तो गेलाच नाही.

उपचार सुरू झाले. गोळ्या सकाळ-संध्याकाळ. चार फेऱ्यांत हिरड्यांच्या आतून खरवडून काढलं, पहिल्या फेरीला तिचे डोळे गळत होते, दुखण्यानं नव्हे, समोरच्या ताटलीत काय पडलं ते पाहून. खालचा दात काढला. भात कमी झाला, ज्वारीची भाकरी वाढली, सकाळी विजापूर रोडला चालणं सुरू झालं. रात्री ब्रश करायला शिकली, पंचेचाळिसाव्या वर्षी, लहान मुलासारखं डॉक्टरनं दाखवल्याप्रमाणे. धागा दातांत धरणं बंदच झालं. तो गळ्यात अडकवून आयब्रो करायची एक रीत असते, ती तिनं मोबाइलवर बघून स्वतःच्या मांडीवर गिरवली. महिनाभर हात बसेना.

सप्टेंबरात साखर सात पॉइंट चारवर आली. "गोळ्यांनी उतरली, पथ्यानं उतरली, आणि हिरड्यांचाही थोडा हातभार आहे," डॉक्टर वैष्णवी म्हणाली. ब्रश पांढरा राहायला लागला होता. चंद्रिकानं नळ न सोडता बेसिनमध्ये थुंकून पाहिलं.

बरं वाटायला हवं होतं. पण अंगातलं दुखणं उतरलं तसं मनातलं वर आलं. आधी त्याला "मी आजारी होते" असं पांघरूण तरी होतं.

अंकिता एक दिवस केस कापायला आली. चंद्रिका कात्री चालवत होती आणि आरशात तिचा चेहरा पाहत होती. अर्धे केस झाल्यावर ती एकदम म्हणाली, "अंकिता, तुला एक सांगायचंय. मागं तू वासाचं म्हणालीस ना, तो पारूबाईंचा नव्हता. माझा होता. मला शुगर निघाली, हिरड्या सडल्या होत्या. मी त्यांच्यावर ढकललं."

अंकिताचा चेहरा लाल झाला. तिनं मांडीवरचे केस झटकले, पुन्हा झटकले.

"काकू," ती म्हणाली, "मी तेव्हा तुमच्याबद्दलच विचारत होते. मला वाटलं, तुम्हाला आपोआप कळेल. मग तुम्ही मावशींचं नाव घेतलंत आणि मला सुटल्यासारखं झालं. मी लगेच हो म्हणाले." ती थांबली. "मी चार जणींना तेच सांगितलंसुद्धा. मावशींचंच."

दोघींना एकमेकींकडं बघता येईना. चंद्रिकानं उरलेले केस कापले. एका बाजूला किंचित जास्तच कापले गेले, पण अंकिता काही बोलली नाही.

त्या रविवारी दुपारी चंद्रिका बुधवार पेठेत गेली. पारूबाईंचं घर तिनं नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. विचारत विचारत गेली. एका बोळात, पत्र्याच्या सावलीत, दोन चुली पेटलेल्या होत्या आणि चार बायका कडक भाकरी करत होत्या. थापायच्या, भाजायच्या, आणि पापडासारख्या कडक झाल्या की चवडीनं रचायच्या. बचत गटाचं काम होतं. पारूबाई एका चुलीपुढं बसल्या होत्या. पीठ लागलेले हात, कपाळावर घाम.

त्यांनी चंद्रिकाला पाहिलं. उठल्या नाहीत.

"या ताई. बसा." एका बाईनं पाट सरकवला. चंद्रिका बसली. हातातली मोसंब्यांची पिशवी कुठं ठेवावी ते कळेना, मांडीवरच राहिली.

"पारूबाई, जरा आत बोलता येईल?"

"काय काम हाय?"

"बोलायचं होतं."

पारूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "पुन्यांदा कामाला बोलवाय आलात का माफी मागाय?"

चंद्रिका गडबडली. खरं तर दोन्ही मनात होतं. "माफी मागायला," ती म्हणाली.

"मग कामाचं आज काढू नगा. दोन्ही येकदम आलं की माफी स्वस्त हुती." त्यांनी फडक्यानं भाकरी दाबली. "आन् आत कशाला? तुमी मला आत कोपऱ्यात न्हेऊन न्हाय काढलं. गिऱ्हाईक व्हतं पलंगावर. समद्यांम्होरं काढलं. मग हितंच बोला की."

बाकीच्या तिघींचे हात थांबले होते. बोळाच्या तोंडाशी एक माणूस सायकलची चेन बसवत होता, त्यानंही मान वर केली. चंद्रिकाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. जन्मभर तिनं दुसऱ्यांचे चेहरे नीटनेटके केले होते. आपला चेहरा असा उघडा टाकायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

"वास माझ्या तोंडाचा होता," ती म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाली. "पारूबाईंचा नव्हता. माझ्या तोंडाचा. मला आतून कळत होतं आणि मी पारूबाईंचं नाव घेतलं. त्यांनी मिश्री सोडली, तरी त्यांना काढलं. माझं चुकलं."

चुलीत काटकी फुटली. शेवटी शिवबाई नावाची एक म्हातारी, सगळ्यांत वयानं मोठी, मऊ आवाजात म्हणाली, "आगं, तोंडाला वास कुनाच्या येत न्हाय? त्यात काय येवडं."

"वासाचं न्हाय शिवबाई," पारूबाई म्हणाल्या. "वासाचं काईच न्हाय." मग त्या पहिल्यांदा चंद्रिकाकडं सरळ बघून बोलल्या. "मला म्हाईत हुतं ताई. नऊ वर्सं शेजारी उभी हुते तुमच्या. तुमचा तोंड पुसायचा टावेल मी धुयाची. त्याच्यावरचं रगात मीच काढलंय घासून."

चंद्रिकाला वाटलं की जमिनीनं आता पोटात घ्यावं. "मग बोलला का नाहीत?"

"बोलनार हुते. माज्या दिराचे दात आसेच हलाय लागले हुते, आन् शेवटाला साखर निगाली. म्हनलं, ताईला सांगावं, साखर बगून घ्या म्हनून. त्या दिवशी तेच ठरवून आले हुते. परात धुऊन झाली की सांगायचं." त्यांनी तव्यावरची भाकरी काढून चवडीवर ठेवली. "त्याच दिवशी तुमी म्हनला, येऊ नगा. तरीबी व्हटावर यत हुतं माज्या. पर पलंगावर ती बाई हुती. म्हनलं, चारचौघीत आपुन हिची आब्रू कशाला काढा."

चंद्रिका रडायला लागली. पारूबाईंनी तिला थांबवलं नाही, जवळही घेतलं नाही.

"येक इचारू?" त्या म्हणाल्या. "खोलीत केसाचे रंग व्हते, मोरी व्हती, रस्त्यावरचं गटार व्हतं. कशाचं बी नाव घेता आलं आसतं. माजंच का सुचलं?"

चंद्रिकानं तोंड उघडलं. मिश्री, असं म्हणणार होती. पण ते उत्तर नव्हतं, आणि ते पारूबाईंना माहीत होतं, बाकीच्या तिघींना माहीत होतं, आणि आता तिलाही माहीत होतं. पारूबाईंचं नाव तिला शोधावं लागलं नव्हतं. ते जिभेवर तयारच होतं, कुणीतरी फार आधी ठेवून दिल्यासारखं. तिच्या घरात पारूबाईंचा चहाचा कप वेगळा होता. नऊ वर्षं होता. तो वेगळा आहे हे तिला त्या पाटावर बसून पहिल्यांदा दिसलं.

"मला सांगता येत नाही," ती म्हणाली.

"नगा सांगू. मला नगंय. तुमचं तुमी बगा," पारूबाई म्हणाल्या आणि पुढच्या भाकरीचं पीठ हातात घेतलं.

कुणीतरी चहा आणला. चंद्रिकानं बिनसाखरेचा मागितला नाही. पण शिवबाईनं विचारलं, "साखर चालती का तुला, बाय?" आणि तिला नाही म्हणावं लागलं. तिच्यासाठी वेगळा चहा ठेवला गेला. तो येईपर्यंत ती बसून राहिली, आणि कुणी तिच्याशी वाईट बोललं नाही, चांगलंही बोललं नाही. भाकऱ्यांचं काम चालू राहिलं.

निघताना पारूबाई हात धुऊन उठल्या. "वळनावर कुत्री हायत. चला, रिक्षापातुर येते."

दोघी बोळातून चालत निघाल्या. मोसंब्यांची पिशवी पाटाशी राहिली होती, कुणीतरी ती मागून आणून दिली, आणि पारूबाईंनी ती घेतली.

"मिश्री सोडलीत ते बरं झालं," चंद्रिका म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"म्हैनाभरच सुटली हुती. तुमी काढल्यावर पुन्यांदा धरली. कुनासाठी सोडायची?"

थोडं पुढं गेल्यावर चंद्रिका म्हणाली, "हिरड्यांना वाईट असते ती. डॉक्टरीणबाई चांगली आहे. मी घेऊन जाईन तुम्हाला. साखरही बघू."

"सतीश न्हेतो की मला, लेक हाय माजा," पारूबाई म्हणाल्या. तुटकपणे, पण नाही म्हणाल्या नाहीत. मग थांबून विचारलं, "आता किती हाय साखर?"

"सात पॉइंट चार. आधी दहा पॉइंट आठ होती."

"मंजी अजून हाय."

"आहे. राहणार. फक्त आवरून धरायची."

"गोळी सोडू नगा. दीर सोडून बसला हुता, बरं वाटतंय म्हनून." पारूबाईंनी हात करून रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला जुळे सोलापूर सांगितलं, आणि चंद्रिका बसायच्या आतच मागं वळल्या. चुलीवर तवा तापत होता.

रिक्षा वळणावर आली तेव्हा चंद्रिकानं मागं पाहिलं. पारूबाई बोळाच्या तोंडाशी त्या सायकलवाल्याशी काहीतरी बोलत होत्या. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्या आत गेल्या. त्या वळून पाहतील असं चंद्रिकाला वाटलं नव्हतं, आणि त्यांनी पाहिलंही नाही.